आठवीनंतरचा डबा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कामशेत स्टेशनावर संध्याकाळच्या लोकलमधून आम्ही उतरलो. पाऊस कोसळत होता म्हणून छपराखाली थांबलो. फलाटाच्या टोकाला एक मुलगा गुडघ्यावर बसून कुत्र्यापुढे डबा पालथा करीत होता. तीन चपात्या आणि बटाट्याची भाजी, जशीच्या तशी. कुत्र्याने चपात्या ओढून नेल्या. मुलाने नळावर डबा विसळला आणि दप्तरात ठेवला. वळून पाहतो तो समोर आम्ही.

"जयभीम काका," तो दचकून म्हणाला. आमच्याच वस्तीतला, नववीतला मुलगा. पुढचे वाक्य त्याने घाईघाईने उच्चारले, "आईला सांगू नका."

त्याची आई आम्हाला ठाऊक आहे. लोणावळ्याच्या एका हॉटेलात खोल्या आवरण्याचे काम करते. पहाटे साडेचारला उठते, दोन मुलांचे डबे करते, पाणी भरते आणि साडेसातला घर सोडते. दिवसभर दुसऱ्याच्या अंथरुणाच्या चादरी बदलते. संध्याकाळी घरी आल्यावर पहिले काम कोणते, तर डबे घासणे. मुलाचा डबा रिकामा दिसला की तिला बरे वाटते. तो रिकामा डबा खोटा होता, हे त्या दिवशी फक्त आम्हाला आणि त्या कुत्र्याला कळले.

आम्ही रागावलो नाही. रागावण्याचा हक्क आम्हाला नव्हता, कारण आमच्या घरातही दोन वर्षांपूर्वी हेच घडले होते. आमच्या सौ. तळेगावच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जातात, त्यामुळे सकाळचा डबा आमच्याकडे आला. आम्ही मोठ्या अभिमानाने रोज चपाती-बटाटा भरीत होतो. एके दिवशी थोरलीच्या दप्तराच्या तळाशी चार दिवसांच्या चपात्यांची चळत सापडली. त्या दिवसापासून आम्ही डबा भरण्यापूर्वी मुलांना विचारू लागलो.

म्हणून त्या मुलालाही आम्ही एवढेच विचारले, "बाळा, का खात नाहीस?" तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "रोज तेच असतं काका. दुपारपर्यंत चपाती चामड्यासारखी होते. भाजीचं तेल वहीला लागतं. एकदा सुकट नेली होती, तर दोन मुलं बाक सोडून उठली. तेव्हापासून डबा उघडायलाच नको वाटतं."

माता-भगिनींनो आणि बंधूंनो, या चार वाक्यांत सगळा प्रश्न आला. आज त्यावरच बोलू.

खिचडी थांबते, तेव्हा भूक वाढते

आपली बहुतेक मुले जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकतात. तिथे दुपारी खिचडी मिळते. ही योजना केंद्र सरकारने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. सुरुवातीला अनेक राज्यांत मुलांच्या हातात नुसते धान्य पडत असे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. पुढे ती सहावी ते आठवीपर्यंत वाढली. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने ६ ते १४ वयाच्या मुलांचा तो हक्कच झाला. आज तिचे नाव पीएम पोषण असे आहे.

पण हा हक्क आठवीत संपतो. नववीच्या पहिल्या दिवशी त्याच गावातले, त्याच घरातले मूल ताटलीशिवाय उभे राहते. आणि हे नेमके कोणते वय? मुलगा झपाट्याने उंच होतो ते, आणि मुलीची पाळी सुरू होऊन स्थिरावते ते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली जी प्रमाणे दिली त्यांनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलीला दिवसाला सुमारे ४३ ग्रॅम प्रथिने आणि ३० मिलिग्रॅम लोह लागते. त्याच वयाच्या मुलाला ४५ ग्रॅम प्रथिने आणि २२ मिलिग्रॅम लोह. म्हणजे लोहाच्या बाबतीत मुलीची गरज मुलापेक्षा जास्त आहे. आपल्या घरात मात्र अंडे आधी कुणाच्या ताटात पडते, ते ज्याने त्याने आठवून पाहावे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आढळले. दहा मुली बाकावर बसल्या तर त्यांतल्या सहा. "अभ्यासात लक्ष नाही", "आळशी झाली आहे", "प्रार्थनेला चक्कर येते, नाटकं करते" असे आपण म्हणतो, तेव्हा त्यांतल्या कित्येक जणी नाटकं करीत नसतात. त्यांच्या रक्तात लोह नसते.

शाळेतल्या खिचडीत अंडे आले तेही फार दिवस टिकले नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने आठवड्यातून एक अंडे आणि न खाणाऱ्यांना केळे द्यायचे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा पैसा बंद केला. त्याविरुद्ध आवाज उठवायचा तो उठवूच. पण सरकार शहाणे होईपर्यंत उद्या सकाळी डब्यात काय घालायचे, हा प्रश्न आपल्याच ओट्यावर आहे.

डब्याचे माप

आम्ही पडलो कारकून. हिशोब मांडल्याशिवाय आमचे समाधान होत नाही. डबा किती असावा यासाठी नवे माप शोधायला नको, सरकारचेच माप घेऊ. सहावी ते आठवीच्या मुलाला शाळेतल्या एका जेवणातून ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा योजनेचा नियम आहे. त्यासाठी १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ आणि ७५ ग्रॅम भाजी धरलेली आहे. नववीतल्या मुलाची भूक याहून कमी नसते. तेव्हा आपला डबाही वीस ग्रॅमचा हवा.

आता कुत्र्याने खाल्लेला डबा या मापाला लावून पाहू. मध्यम आकाराच्या तीन चपात्यांचे मिळून नऊ-दहा ग्रॅम होतात. बटाट्याच्या भाजीचे फार तर दोन. बेरीज बारा. आठ ग्रॅमची तूट. त्याच तीन चपात्यांसोबत एक अंडे (सहा ग्रॅम) आणि शेंगदाण्याचा एक लाडू (चार ग्रॅम) ठेवला की तूट भरून निघते. म्हणजे चपातीचा दोष नाही. सोबतीचा आहे.

पैशाचेही पाहू. डबा आवडला नाही की मुले वडापाव खातात. एक वडापाव १५ रुपये धरला, तर महिन्याच्या २४ दिवसांचे ३६० रुपये होतात. एवढ्याच पैशांत आमच्या वाण्याकडे साधारण पुढील माल येतो: १२ अंडी ९६ रुपये, अर्धा किलो शेंगदाणे ७५, पाव किलो गूळ १५, अर्धा किलो मटकी ६५, पाव किलो सोयाबीनच्या वड्या ३५, अर्धा किलो काळे हरभरे ४५. बेरीज ३३१. उरलेल्या २९ रुपयांची लिंबे आणि कोथिंबीर. भाव गावागणिक थोडे इकडे-तिकडे होतील, पण शिल्लक कुठल्या बाजूला आहे ते दिसतेच. वडापाव आमचाही आवडता आहे. तो महिन्यातून दोनदा चवीसाठी खावा, रोजच्या पोटासाठी नव्हे.

सहा दिवसांचे सहा डबे

खालचे डबे आमच्या घरी परीक्षेला बसून पास झालेले आहेत. परीक्षक दोन होते, एक पंधरा वर्षांची आणि एक तेरा वर्षांचा. मुलांना हाताने पटकन खाता येणारे, रस न गळणारे आणि चार मित्रांसमोर उघडता येणारे हवे असते. हे ध्यानात ठेवले की निम्मे काम झाले.

सोमवार: अंड्याचा रोल. दोन अंडी, बारीक कांदा, मिरची, कोथिंबीर व मीठ घालून फेटावीत. तव्यावर तेल टाकून निम्मे मिश्रण पसरावे आणि ते ओले असतानाच वर चपाती दाबावी. अंडे चपातीला चिकटते. उलटून अर्धे मिनिट भाजावे. हिरवी चटणी लावून घट्ट गुंडाळी करावी व मधोमध कापावी. दोन चपात्यांचे दोन रोल होतात. गाड्यावर याला फ्रँकी म्हणतात आणि पन्नास रुपये घेतात, एवढे मुलांना सांगावे. वर्षावासात ज्या घरी अंडे-मांस बंद असते, त्यांनी अंड्याऐवजी भिजवून, पिळून, कांद्यावर परतलेला सोयाबीन वड्यांचा चुरा भरावा.

मंगळवार: सुकी मिसळ. मोड आलेली मटकी कांदा-टोमॅटोवर परतून, झाकण ठेवून पूर्ण शिजवावी आणि रस्सा आटवून कोरडी करावी. सोबत लहान डबीत फरसाण आणि लिंबाची फोड. वरून फरसाण मुलाने खाताना घालायचे, म्हणजे ते कुरकुरीत राहते. पावसाळ्यात लोणावळ्याच्या गारठ्यात मटकीला मोड लवकर येत नाहीत. तेव्हा फडक्यात बांधून रात्री चुलीजवळच्या किंवा शेगडीजवळच्या उबदार कोपऱ्यात ठेवावी.

बुधवार: वडीभात. आपल्या मावळात इंद्रायणी पिकतो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून हे वाण काढले आणि १९८७ साली ते शेतकऱ्यांना मिळाले. वासाचा, पण चिकट. तो डब्यात गोळा होतो म्हणून मुले नाक मुरडतात. त्यासाठी पाणी नेहमीपेक्षा थोडे कमी घालावे, शिजल्यावर भात ताटात पसरून वाफ घालवावी आणि मगच परतलेल्या वड्या, गाजर, वाटाणा यांत मिसळावा. रेशनचा तांदूळ तर यासाठी उत्तमच, सुटा होतो. त्या तांदळाबद्दल एक सांगायचे आहे. मार्च २०२४ पर्यंत रेशनवर सगळीकडे लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेले दाणे मिसळलेला तांदूळ पोहोचला. ते दाणे थोडे वेगळे दिसतात, पाण्यावर तरंगतात. "प्लॅस्टिकचा तांदूळ" म्हणून काही भगिनी ते वेचून फेकून देतात. तसे दाणे दिसले तर फेकू नका. ते तांदळाच्या पिठाचेच असतात, आणि फेकले तर आपल्याच मुलीचे लोह फेकले जाते.

गुरुवार: छोटी थालीपिठे. नाचणी, ज्वारी आणि बेसन सम प्रमाणात घ्यावे. त्यात मेथी किंवा पावसाळ्यात रानातला कोवळा टाकळा चिरून घालावा. मोठे थालीपीठ न लावता वाटीने गोल कापून बिस्किटाएवढी करावीत आणि दोन्ही बाजूंनी खमंग भाजावीत. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. इतके कॅल्शियम गहू-तांदळाच्या जवळपासही नाही. आपले आजोबा डोंगरउतारावरची ही नाचणी खाऊन ओझी वाहत होते, आणि आपण तिला गरिबाचे खाणे म्हणून घराबाहेर काढले. आज शहरातल्या दुकानांत तीच चकचकीत पुडीत घालून विकतात. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी.

शुक्रवार: हरभऱ्याचे चाट. रात्री भिजवलेले काळे हरभरे सकाळी कुकरला चार-पाच शिट्ट्या देऊन शिजवावे, पाणी निथळावे, जिरे-मिरचीची फोडणी, चाट मसाला आणि भाजलेला कांदा घालावा. लिंबू वेगळे. सोबत पुरीएवढ्या छोट्या चपात्या. घास घेऊन भरत बसायला नको, चमच्याने खाता येते.

शनिवार: शाळा सकाळची आणि लवकर सुटणारी. त्या दिवशी शेंगदाण्याचे दोन लाडू आणि एक केळे किंवा पेरू. पाव किलो शेंगदाणे भाजून, साले काढून, दीडशे ग्रॅम गुळासोबत कुटावेत किंवा मिक्सरमधून फिरवावेत. तेल सुटले की लाडू वळावेत. पंधरा होतात. पर्यटक लोणावळ्याला येऊन चिक्कीची पाकिटे भरून नेतात, तीच शेंगदाणा-गुळाची जोडी. आपल्या घरी फक्त आकार वेगळा.

दोन गोष्टी सगळ्या दिवसांना लागू आहेत. पहिली, डाळी-कडधान्यांतले लोह अंगी लागायला आंबट लागते. लिंबाची फोड, पेरू, आवळा यांपैकी काहीतरी रोज हवे. दुसरी, चहा त्या लोहाला अडवतो. सकाळी चहा-चपाती खाऊन शाळेत जाण्याची आपल्या वस्त्यांतली सवय लोहाच्या दृष्टीने वाईट. चहा बंद करा असे आम्ही म्हणत नाही, आमचाच सुटलेला नाही. फक्त जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे. शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी देतात, तीही काही खाल्ल्यावर घ्यावी आणि चहासोबत घेऊ नये. ती फेकून दिली जाते हेही आम्हाला ठाऊक आहे. सतत थकवा किंवा चक्कर असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. मुलीचे हिमोग्लोबिन बाराच्या खाली असेल तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, केवळ डब्यावर विसंबू नये.

भरण्याची रीत

मुलगा म्हणाला चपाती चामड्यासारखी होते, तेल वहीला लागते. हे दोष पदार्थाचे नसून भरण्याचे आहेत. चपातीच्या कणकेत चमचाभर तेल घालून ती मऊ मळावी आणि भाजल्यावर फडक्यात गुंडाळावी. कोणताही पदार्थ गरम-गरम डब्यात कोंबू नये. वाफेचे पाणी होते, अन्न चिघळते आणि पाच तासांत आंबते. ताटात दहा मिनिटे पसरून मग झाकण लावावे. वर्तमानपत्रात काही बांधू नये. छपाईची शाई अन्नाला लागते, म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्याला मनाई केली आहे.

रात्रीचा भात सकाळी फोडणी देऊन डब्यात देण्याची पद्धत आपल्याकडे आहे. रात्रभर बाहेर राहिलेल्या भातात काही जंतू असे विष तयार करतात की ते फोडणीच्या आचेनेही जात नाही. वर तो डब्यात आणखी पाच तास राहतो. फ्रिज नसेल तर डब्यासाठी सकाळीच नवा भात लावावा.

पावसाळ्यात झाकणाच्या रबराखाली बुरशी धरते. आठवड्यातून दोनदा रबर काढून घासावे. आणि डबा स्वतः मुलाला निवडू द्यावा. आपण तीन खणांचा उभा डबा देतो, तो दप्तरात मावत नाही आणि मुलांना त्याचे हसू येते. चपटा, क्लिपांचा स्टीलचा डबा एकदा घेतला की पाच वर्षे टिकतो.

सुकट आणि पाणी

आता त्या मुलाच्या शेवटच्या वाक्याकडे येतो. सुकट नेली तेव्हा दोन मुले बाक सोडून उठली.

सुकट, जवळा, बोंबील यांत प्रथिने आणि कॅल्शियम भरपूर असते. ज्या अन्नावर आपल्या पिढ्या कष्ट करून जगल्या, त्या अन्नाची लाज वाटण्याचे कारण नाही. घरी ते जरूर करावे, मुलांना आवडीने वाढावे. शाळेच्या डब्यात ते न्यायचे की नाही हे मात्र मुलावर सोडावे. पंधरा वर्षांच्या पोराला रोज दुपारी एकट्याने लढाई लढायला पाठवू नये. तो नेणार असेल तर आपण त्याच्या मागे उभे राहावे. आणि कुणी त्याच्या डब्यावरून जात काढली, तर गप्प न बसता शाळेत जाऊन मुख्याध्यापकांशी बोलावे. ते काम मुलाचे नाही, आपले आहे.

डब्याचा आणि जातीचा संबंध आपल्याला नवा नाही. १९०१ साली नऊ वर्षांचे भीमराव आपला भाऊ आणि भाचे यांच्यासोबत वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनावर उतरून बैलगाडीने कोरेगावला जायचे होते. बरोबर जेवणाची शिदोरी होती. पण मुले महाराची आहेत हे कळल्यावर वाटेत कुणी प्यायला स्वच्छ पाणी देईना. रात्री नाक्यावर शिदोरी समोर असताना ती मुले उपाशी झोपली. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये हे स्वतः लिहून ठेवले आहे. डबा होता, पाणी नव्हते.

आज पाणी आहे. तरीही आपल्या मुली पाणी पीत नाहीत. कारण विचारा. शाळेतले स्वच्छतागृह घाण असते, कडी नसते, म्हणून त्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत घोटभर पाण्यावर राहतात. मग लघवीची जळजळ, डोकेदुखी सुरू होते. डब्यासोबत लिटरभराची बाटली द्या. ती भरलेलीच परत आली तर मुलीला रागावू नका, शाळेत जा. शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंतच्या सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. तिथे आपली माणसे बसलेली असतात, पण ती सही करून परत येतात. यापुढे पाणी आणि स्वच्छतागृह हे दोन विषय मांडल्याशिवाय सही करू नये. त्याच कायद्याच्या जोडीला २०२० च्या नियमांनी शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त तेल, मीठ, साखरेचे पदार्थ विकायला बंदी आहे, हेही त्या बैठकीत विचारता येईल.

डबा कुणी भरायचा

शेवटचा मुद्दा पुरुषवर्गासाठी आहे. हा लेख वाचून कुणी घरात जाऊन "बघ, पेपरात काय लिहिलंय, उद्यापासून रोल कर" असे म्हणणार असेल, तर आमचे लिहिणे वाया गेले. पहाटे साडेचारला उठणाऱ्या बाईच्या डोक्यावर सहा नवे पदार्थ ठेवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही.

आमच्या घरची रीत सांगतो. आठवड्यातून एकदा सगळे एकत्र बसतो. लोणावळ्याच्या हॉटेलांत आणि बंगल्यांवर काम करणाऱ्या भगिनींना शनिवार-रविवार सर्वांत जास्त काम असते, त्यामुळे त्यांनी रविवारचाच आग्रह धरू नये. ज्या वारी सुट्टी असेल त्या वारी बसावे. मुलांनी सहा डबे कागदावर लिहायचे आणि कागद भिंतीवर लावायचा. रात्री भिजवणे, कांदा चिरणे, लाडू वळणे ही कामे मुलांची, मुलगा असो वा मुलगी. बहिणीने भावाचा डबा भरायचा आणि भावाने चप्पल घालून निघायचे, हे बंद. चपात्या आम्ही लाटतो. त्यांचा आकार अजून महाराष्ट्राच्या नकाशासारखा असतो, पण रोलमध्ये तो दिसत नाही. ज्या मुलाने स्वतः निवडले आणि स्वतः भरले, ते मूल सहसा कुत्र्याला घालत नाही.

त्या मुलाच्या आईला आम्ही काही सांगितले नाही. त्यालाच म्हणालो की तू सांग. आठ दिवस लागले, पण सांगितले. ती रडली म्हणे. रागावली नाही. नंतरच्या मंगळवारी तिची सुट्टी होती. दोघांनी बसून कागद लिहिला. अंड्याचा रोल आता तो स्वतः करतो. पहिल्या दिवशी तवा जाळला.

परवा पुन्हा कामशेतला भेटला. आम्ही न विचारताच म्हणाला, "काका, आठवड्यात चार दिवस डबा रिकामा जातो. दोन दिवस अजून वडापावच." मग थोडे थांबून म्हणाला, "पण आईला खरं सांगतो."

चार दिवस पुष्कळ आहेत. उरलेल्या दोन दिवसांचे पाहू. तुमच्या घरी आज रात्री एवढेच करा. मुलांना जवळ बसवा आणि विचारा, डबा खरेच संपतो का. उत्तर काहीही येवो, रागावू नका. मग मूठभर मटकी भिजत घाला.